पाळी का बंद करायची?

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका वहिनींबरोबर मी शहरातल्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे तीन-चार वेळा गेले. महिला मंडळाच्या कामामुळे अशा खेपा मला नव्या नाहीत. फाईल सांभाळायची, नंबर लावायचा, डबा न्यायचा आणि डॉक्टर काय म्हणाले ते घरी येईपर्यंत डोक्यात धरून ठेवायचं. वहिनी ४१ वर्षांच्या. आधी छातीतली गाठ काढून झाली होती, संपलं सगळं असं वाटलं होतं, आणि मग कंबर दुखायला लागली. तपासण्यांमध्ये निघालं की आजार मणक्यात पोचलाय. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तीन औषधं लिहिली. पाळी बंद ठेवणारं एक इंजेक्शन दर २८ दिवसांनी, एक गोळी रोज, आणि दुसरी एक महागडी गोळी तीन आठवडे घ्यायची नि एक आठवडा सोडायची.

घरच्यांनी वहिनींना आजार पसरल्याचं सांगितलेलं नव्हतं. मणक्यात गॅप आहे, एवढंच सांगितलं होतं. पण चिठ्ठी तर त्यांच्याच हातात होती. परतीच्या एसटीत त्यांनी मला विचारलं, कंबर दुखते तर माझी पाळी का बंद करायची? मी खिडकीबाहेर बघत बसले. एक तर खरं सांगायची मला मनाई होती, आणि दुसरं म्हणजे उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. मी मराठी घेऊन बी.ए. केलेली. विज्ञान दहावीला सुटलं ते सुटलंच.

ते उत्तर शोधता शोधता मला डॉ. जॉर्ज थॉमस बीटसन भेटले. म्हणजे वाचनात भेटले. हे स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातले सर्जन, १९३३ साली वारले. ग्लासगोतल्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयाला आज त्यांचंच नाव आहे. आपल्याकडे मात्र डॉक्टर मंडळी सोडली तर त्यांचं नाव कुणी ऐकलेलं नसतं. वहिनींच्या चिठ्ठीवरच्या त्या इंजेक्शनाची गोष्ट या माणसापासून सुरू होते, आणि तीही मेंढ्यांच्या कुरणावर.

बीटसन यांचा जन्म २७ मे १८४८ चा, तोही आपल्या शेजारच्या श्रीलंकेतला, त्रिंकोमालीचा. वडील इंग्रजांच्या लष्करात डॉक्टर होते. मुलाचं शिक्षण पुढे तिकडेच झालं, आधी केंब्रिजला आणि मग वैद्यकीचं एडिंबरोला. तिथे त्यांना जोसेफ लिस्टर यांच्या हाताखाली काम करायला मिळालं. ऑपरेशनच्या वेळी कार्बोलिक वापरून जखम निर्जंतुक ठेवायची पद्धत ज्यांनी रुजवली ते हे लिस्टर. त्याआधी पोट उघडून ऑपरेशन करणं म्हणजे रोगी जवळजवळ सोडून दिल्यासारखंच होतं. पुढे बीटसन एका बाईचं पोट उघडायचं धाडस करू शकले, त्यामागे गुरूकडची ही शिकवण होती.

१८७६ च्या सुमाराला बीटसन यांना एम.डी.साठी प्रबंध लिहायचा होता. तेव्हा ते स्कॉटलंडच्या पश्चिमेला एका मनोरुग्ण गृहस्थांची देखभाल करायला राहिले होते. नोकरी निवांत होती. शेजारीच मोठं मेंढ्यांचं फार्म होतं आणि कोकरं आईपासून तोडायचे दिवस आले होते. सगळीकडे तीच गडबड चाललेली पाहून या तरुण डॉक्टरने प्रबंधाला विषय घेतला तो दूध कसं येतं आणि कसं आटतं हा. मला ही गोष्ट फार आवडली. पोराचं दूध तोडताना आपण काय काय करतो, कडुनिंबाचा पाला वाटून लावतो, दोन दिवस आजीकडे निजवतो. बाईच्या आयुष्यातल्या इतक्या रोजच्या गोष्टीकडे एका शिकलेल्या पुरुषाने अभ्यासाचा विषय म्हणून पाहिलं, तेही त्या काळात.

अभ्यास करताना त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पहिली अशी, की काही देशांत गाय व्याली की तिचे बीजांडकोश काढून टाकतात, म्हणजे ती पुढे खूप काळ दूध देत राहते. बीजांडकोश म्हणजे ओव्हरी, गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना असतात त्या. हे गवळ्यांचं आणि शेतकऱ्यांचं ज्ञान. बीटसन यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. ओव्हरी ओटीपोटात आणि दूध कासेत, मग एकीला हात लावला तर दुसरीकडे फरक का पडावा? दोघींना जोडणारी तशी कुठली नस तर सापडत नाही. तेव्हा शरीरातला एक अवयव लांबच्या दुसऱ्या अवयवावर हुकमत ठेवतो, असं त्यांनी मनात धरलं. हार्मोन हा शब्दसुद्धा तेव्हा जन्माला आलेला नव्हता.

दुसरी गोष्ट, दूध येण्याच्या वेळी स्तनातल्या पेशी भराभर वाढतात. कॅन्सरमध्येही पेशी भराभर वाढतात. फरक इतकाच, की दुधाच्या वेळी त्या पेशींचं शेवटी दूध होऊन जातं, आणि कॅन्सरमध्ये त्या वाढतच राहतात, आजूबाजूला शिरत राहतात. मग त्यांनी विचार केला, ओव्हरी काढल्यावर गाईच्या पेशी दुधाकडे वळतात, तर बाईच्या कॅन्सरच्या पेशीही तशाच विरघळतील का? आज बघितलं तर या तर्काचा बराचसा भाग चुकीचा होता. पण बोट ठेवलं होतं ते बरोबर जागी.

हा विचार मनात ठेवून ते जवळजवळ वीस वर्षं थांबले. मधल्या काळात ते ग्लासगोला आले, तिथे सर्जन म्हणून नाव झालं, आणि ग्लासगो कॅन्सर हॉस्पिटलमध्ये काम करू लागले. १८८९ साली जर्मनीतले शिनझिंगर नावाचे सर्जनही म्हणाले होते, की स्तनाच्या कॅन्सरमध्ये ओव्हरी काढून बघावी, कारण तरुण बायकांमध्ये हा आजार जास्त जोराने वाढतो. पण ते बोलण्यावरच राहिलं.

११ मे १८९५ ला बीटसन यांच्याकडे एक बाई आली. वय ३३, लेकुरवाळी. स्तनाचं ऑपरेशन आधी झालेलं होतं आणि त्याच जागी आजार पुन्हा उठला होता, इतका की आता काढण्यासारखंही काही उरलं नव्हतं. त्या काळात अशा बाईला घरी पाठवत, आणि वेदना कमी व्हायला अफू देत.

बीटसन यांनी काय केलं, ते मी दोन-तीनदा वाचलं. त्यांनी त्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला परिस्थिती स्पष्ट सांगितली. नेहमीच्या इलाजांनी आता काही होणार नाही. माझ्या मनात एक उपाय आहे, पण तो नवा आहे, गुण येईलच अशी खात्री नाही. करायचा का? दोघंही तयार झाली.

१८९५ सालची ही गोष्ट. तेव्हा ब्रिटनमध्ये बायकांना संसदेच्या निवडणुकीत मतसुद्धा देता येत नव्हतं. आणि इथे आमच्या वहिनींना त्यांच्याच मणक्यात काय आहे ते माहीत नव्हतं. घरच्यांना मी दोष देत नाही. प्रेमानेच लपवलं होतं. माझ्या स्वतःच्या सासूबाईंच्या वेळी मीही लपवलं होतं, आणि त्या शेवटपर्यंत आम्हाला फसवायला नको म्हणून माहीत नसल्याचं दाखवत राहिल्या, हे नंतर कळलं.

१५ जून १८९५ ला बीटसन यांनी त्या बाईच्या दोन्ही ओव्हरी काढल्या. काही आठवड्यांत गाठी मऊ पडू लागल्या, लहान होऊ लागल्या. आठ महिन्यांनी आजाराची खूणही उरली नव्हती. पुढच्या वर्षी मे महिन्यात एडिंबरोच्या डॉक्टरांच्या सभेत त्यांनी हे सगळं मांडलं आणि जुलै १८९६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लेख छापून आला. ती बाई ऑपरेशननंतर सुमारे चार वर्षं जगली. मग आजार परतला आणि ती गेली. चार वर्षं म्हणजे काय, ते ज्यांची पोरं लहान असतात त्यांना विचारावं. दोन वर्षांचं पोर तेवढ्यात शाळेत जायला लागतं.

आता एक गोम सांगते. बीटसन यांनी त्या बाईला ओव्हरी काढण्याबरोबर आणखी एक औषध दिलं होतं, थायरॉइडच्या अर्काच्या गोळ्या. त्यांना वाटत होतं की त्यानेही मदत होईल. म्हणजे दोन उपाय एकत्र. मग गुण आला तो कशाने? ऑपरेशनने, गोळीने, की दोन्हींमुळे? एका बाईवरून हे कळणार कसं? आपणही सर्दीला काढा पितो, वाफ घेतो आणि डॉक्टरांची गोळीही घेतो, आणि बरं वाटलं की श्रेय ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे. पुढे कळलं की करामत ओव्हरी काढण्याची होती, थायरॉइडची नव्हे. पण ते कळायला आणखी पुष्कळ बायकांवर उपचार व्हावे लागले.

लेख आल्यावर इतर डॉक्टरांनीही हे ऑपरेशन सुरू केलं. १९०० साली लंडनच्या स्टॅन्ली बॉइड यांनी अशा ५४ बायकांची माहिती गोळा केली. साधारण तीनातल्या एकीला फायदा झाला होता. बाकीच्या दोघींना काहीच नाही, उलट पोटाचं ऑपरेशन सोसावं लागलं ते वेगळं. कुणाला गुण येणार आणि कुणाला नाही, हे आधी सांगता येत नव्हतं. त्यामुळे हळूहळू या उपायाचा उत्साह ओसरला.

बीटसन पुढे वेगवेगळ्या कामांत गुंतले. जखमी माणसाला दवाखान्यात पोचेपर्यंत सांभाळायचं कसं, हे साध्या लोकांना शिकवायला हवं असं त्यांना फार वाटे. ग्लासगोत १८८२ साली सेंट अँड्र्यूज अँब्युलन्स असोसिएशन सुरू झाली, तिच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडच्या रेडक्रॉसचं काम त्यांनी पाहिलं. सर ही पदवी मिळाली. त्यांच्या कॅन्सर हॉस्पिटलात १९१२ साली संशोधनाचा वेगळा विभाग निघाला, त्यातूनच पुढे अनेक वर्षं त्यांच्या नावाने ओळखली गेलेली संशोधन संस्था उभी राहिली. १६ फेब्रुवारी १९३३ ला, ८४ व्या वर्षी ते गेले.

त्यांच्या हयातीतच त्यांच्या कोड्याचा पहिला तुकडा सापडला होता. १९२३ साली अमेरिकेत ॲलन आणि डॉइझी या दोघांनी ओव्हरीतून निघणारं द्रव्य दाखवून दिलं. तेच पुढे इस्ट्रोजेन म्हणून ओळखलं जाऊ लागलं. गाईच्या ओव्हरीची हुकमत कासेपर्यंत पोचते ती रक्तातून. तिनातल्या एकीलाच गुण का येतो, याचं उत्तर मात्र एल्वुड जेन्सन यांच्या शिकागोतल्या कामातून मिळालं, तेही साठच्या दशकापर्यंत वाट पाहून. काही गाठींच्या पेशींवर इस्ट्रोजेन पकडणारी जागा असते, काहींच्या नसते. ज्यांच्यावर असते त्या गाठी इस्ट्रोजेनवर पोसतात, आणि ते तोडलं की उपाशी पडतात. मैत्रिणींनो, गाठीच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये ई.आर. आणि पी.आर. अशी अक्षरं असतात, ती हीच परीक्षा. घरात कुणाचा असा रिपोर्ट असेल तर काढून बघा, पुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह लिहिलेलं असतं. स्तनाच्या कॅन्सरमधल्या निम्म्याहून जास्त बायकांचा हा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो.

मग गोळ्या आल्या. टॅमॉक्सिफेन हे रसायन इंग्लंडमधल्या डोरा रिचर्डसन या बाईंनी १९६२ साली बनवलं, तेही खरं तर पाळणा लांबवण्याच्या औषधाच्या शोधात. ते काम त्याने काही जमलं नाही. पण मँचेस्टरच्या डॉक्टरांनी ४६ आजार पसरलेल्या बायकांना ते देऊन पाहिलं, दहा जणींना गुण आला, आणि १९७१ साली ते छापून आलं. ओव्हरी काढायच्या ऐवजी त्या झोपवून ठेवणारी इंजेक्शनंही निघाली. वहिनींच्या चिठ्ठीवरचं पहिलं औषध हेच. बीटसन यांच्या सुरीचं काम आता सुई करते.

उपाय दोन झाल्यावर बीटसन यांचाच जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. एक द्यायचा, दुसरा द्यायचा, की दोन्ही? यावेळी मात्र डॉक्टरांनी अंदाजावर सोडलं नाही. युरोपात पाळी चालू असलेल्या, आजार पसरलेल्या १६१ बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाला फक्त इंजेक्शन, दुसऱ्याला फक्त टॅमॉक्सिफेन, तिसऱ्याला दोन्ही. २००० साली निकाल आला. पहिल्या गटातल्या निम्म्या बायका अडीच वर्षांच्या पुढे जगल्या, दुसऱ्या गटात हा आकडा २.९ वर्षं होता, आणि दोन्ही औषधं मिळालेल्या गटात ३.७ वर्षं.

त्यानंतर तिसऱ्या जातीची गोळी आली. ती इस्ट्रोजेनला हात लावत नाही, पेशीची एकाच्या दोन व्हायची प्रक्रिया अडवते. या गोळ्यांच्या सुरुवातीच्या चाचण्या बहुतेक करून पाळी गेलेल्या बायकांवर झाल्या होत्या. चाळिशीतल्या बाईचं काय? म्हणून खास पाळी न गेलेल्या ६७२ बायकांची एक चाचणी झाली. तिचं नाव मोनालिसा-७. सगळ्या जणींना ओव्हरी झोपवणारं इंजेक्शन होतं, हार्मोनची गोळीही होती. अर्ध्या जणींना त्याबरोबर रायबोसिक्लिब दिली, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला कोणती ते बायकांनाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या निकालात दिसलं, की साडेतीन वर्षांनंतर नवी गोळी मिळालेल्या शंभरातल्या सुमारे ७० बायका हयात असतील असा हिशेब निघतो, आणि न मिळालेल्यांतल्या ४६.

आपल्याकडे चाचणी म्हटलं की उंदीर केलं आम्हाला, असं बायका म्हणतात. मीही म्हणत असे. पण या चाचणीत बिनऔषधाचं कुणालाच ठेवलं नव्हतं, हे मला वाचल्यावर कळलं. तेव्हा जे चांगले उपचार माहीत होते ते सगळ्यांना होतेच. प्रश्न एवढाच होता, की वरच्या गोळीने खरंच फरक पडतो का. बीटसन यांना थायरॉइडच्या गोळीबद्दल जे सांगता आलं नाही, ते इथे सांगता आलं. आणि चाचणीत नाव घालण्याआधी बाईला सगळं समजावून तिची सही घ्यावी लागते. सही तिची, नवऱ्याची किंवा दिराची नव्हे. नको म्हणायचाही हक्क तिला असतो.

या गोळ्यांनी पसरलेला आजार कायमचा जात नाही, तो ताब्यात राहतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून वरचेवर रक्त तपासावं लागतं. रायबोसिक्लिब असेल तर हृदयाचा आलेखही काढावा लागतो. पैशाचं म्हणाल तर या जातीतली पहिली गोळी पाल्बोसिक्लिब. तिचं भारतातलं पेटंट २०२३ मध्ये संपलं आणि आपल्याकडच्या कंपन्यांच्या गोळ्या बऱ्याच कमी किमतीत मिळायला लागल्या. तरीही मध्यम घराला हा खर्च जड आहेच. डॉक्टरांना किमतीबद्दल विचारायला बायका लाजतात. विचारावं. त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची स्वस्त गोळी चालेल का, सरकारी योजनेत काय बसतं, हे सगळं डॉक्टरांना आणि दवाखान्यातल्या समाजसेविकेला विचारावं.

एवढं वाचून झाल्यावर मी वहिनींच्या मिस्टरांशी बोलले. आधी ते चिडले, तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला काय कळतंय म्हणाले. मी ग्लासगोच्या त्या नवरा-बायकोची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी त्यांनी स्वतःच वहिनींना सांगितलं. वहिनी त्या रात्री रडल्या, आणि सकाळी माझ्याकडे येऊन पुन्हा तोच प्रश्न घेऊन बसल्या. यावेळी मी त्यांना कोकरांपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. गाईचं ऐकून त्या हसल्याही. त्यांच्या माहेरी गाई आहेत.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पूर्वी पाळीच्या तारखेला बारीक फुली असायची. आता दर २८ दिवसांनी इंजेक्शनच्या तारखेला गोल असतो, तो त्या स्वतः काढतात. पुढचा गोल येत्या गुरुवारी आहे. सकाळची साडेसहाची एसटी आहे आणि डबा या वेळी त्या करणार आहेत.